तिसरी टाचणी

कासमभाऊ मोजणीदार शर्टाच्या कालरीत तीन टाचण्या खोवून फिरायचं. पितळंच्या, डोक्याला लाल लाखंचा मणी. कुनाशी बी बोलत असलं तरी एक हात कालरीवर. बोटानं चाचपायचं, एक, दोन, तीन, आन मंगच फुडचं बोलायचं. आमच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. म्हनायच्या, "आपन डोरलं चाचपतो तसा ह्यो बाप्या टाचण्या चाचपतुया."

मानूस पौडचा. बाजारात त्येंच्या भावाचं कुलपाकिल्ल्यांचं दुकान. घरात बी मराठीच, आमच्यापरास शुद्द, पर आमच्याशी आमच्यावानीच बोलायचं. अंगानं वाळकं, नाक लांब, जाड भिंगाचा चष्मा आन त्येची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तोंडात कायम लवंग. मानूस दिसायच्या आदी लवंगंचा वास यायचा.

माजी थोरली लेक रांगत व्हती त्या सालाची ही गोष्ट. पिरंगुटला तवा कारखान्यांच्या भिंती उभ्या ऱ्हात व्हत्या. आमचं गाव ताम्हिणीच्या अलीकडं, रस्ता सोडून आत. ओढ्याच्या काठाला खालवाडी, टेकडीवर वरवाडी. आमी खालवाडीचं. मालकांची मांडी रानडुकरानं फाडलेली, पाय आखडला तो आखडलाच. लावणी-काढणी समदी माज्याव. त्यात बातमी आली, ओढ्याव बांध घालनार, तलाव व्हनार, आन त्येच्या आदी मोजणी. निशान धरायला बाया पायजेत. मी गेले.

तलाव म्हनलं की आमच्या तिकडं कुनाच्या तोंडाला पानी सुटत न्हाई. माज्या सासूचं म्हायेर मोठ्या धरणाखाली. ती चुलीम्होरं बसली की सांगायची, "उन्हाळ्यात पानी हटलं की आमच्या दाराचा उंबरा उघडा पडायचा. मी जाऊन कुकू लावून यायची. एका साली गेले तर उंबऱ्याव कासव बसल्यालं. तवापास्नं गेले न्हाई." आसं आयकत दिवस काढलेली मानसं आमी. मोजणीदार आला म्हंजी कुनीतरी उटनार, येवढंच आमाला ठावं.

पयल्याच दिशी भाऊंनी इचारलं, "अक्का, मोजता येतं का?"

"इसापतोर येतं."

"इसानं तुमचं अंगन तरी मोजून व्हईल का? चला, शंभर शिका."

तीन दिवस त्येंच्या मागं चालत शंभर शिकले. पावलागनिक आकडा. शंभर झालं की वट्यातला एक खडा खाली टाकायचा आन परत एकपास्नं धरायचं. त्ये म्हनायचं, "मानसाचं डोकं म्हंजी फुटकं मडकं, कवा गळंल सांगता येत न्हाई. खडा गळत न्हाई." सोताकडं साखळी असून बी त्ये पावलं मोजायचंच. बांधावनं जाताना, कुनाच्या दारात चहाला जाताना, व्हट हलत ऱ्हायचं. आमचा कोरा चहा चुलीपास्नं अंगनापतोर किती पावलांत निवतो, त्ये बी त्येंनी सांगितलं व्हतं.

आन दगडाशी बोलायचं. शिवंवरचा जुना दगड घावला की वाकून त्येच्यावरची माती झाडायचं, म्हनायचं, "बसा, बसा. उटू नका." एकदा मी हसले. तर चष्मा पुसत म्हनले, "हसू नका अक्का. मानूस फिरतो, झाड वाढतं, ओढा वळतो. दगड तेवढा सांगितल्या जाग्याव बसतो. माजी चाकरी त्येंच्याच जिवाव हाय."

काम कसं व्हतं त्ये सांगती. त्येंच्याकडं इंग्रजाच्या टायमाचा गावनकाशा व्हता, कापडाव चिकटवल्याला, पत्र्याच्या नळीत घातल्याला. त्यात कुनाच्या वावराचा कुटला नंबर, ओढा कुटनं जातो, विहीर कुटं, देव कुटं, समदं काढल्यालं. पर बांधवाल्यांना नकाशा नुसता पुरत न्हवता. त्येंना वरनं, इमानातनं काढल्याला फोटू पायजे व्हता. आन फोटूवर नकाशा बसवायचा, म्हंजी पानी कुनाच्या नंबरात शिरंल त्ये कळतं. बसवायचा कसा? तर दोनीकडं दिसनाऱ्या तीन जागा धरायच्या. जमिनीव त्या जागी चुन्याची मोटी फुली काढायची, फोटूत फुली दिसती, तितं टाचणी.

जागा ठरल्या. तीन गावांच्या शिवा मिळत्यात तिथला दगड एक. वरवाडीच्या विहिरीचा कठडा दुसरी. आन तिसरा आमचा म्हसोबा, खिंडीतला.

चुन्याची घमेली मी वायली. एकेक फुली बैलगाडीयेवढी. गावात कुजबूज उटली. कुनी म्हनलं, फुली मारली तितं बाँब टाकनार. कुनी म्हनलं, ज्या दिशेला फुलीचा हात, ती वाडी जानार. विहिरीपाशी एक हात आमच्याकडं व्हता. खालवाडीच्या बायांनी सकाळी जाऊन पायानं त्यो हात पुसला. भाऊंनी पाह्यलं. रागावलं न्हाईत. माज्याकडनं चुना घेतला आन परत वढला. येवढंच म्हनलं, "पुसून पानी थांबत आसतं तर मी बी पुसू लागलो असतो."

म्हसोबापाशी गेलो तवा त्येंनी वाहणा लांब काढल्या. देवाचा पुजारी म्हादबा, आमच्या खालवाडीचाच, कोयता घेऊन तितं उभा. म्हनला, "मोजणीदार, तुमचा देव न्हवं ह्यो. वाहणा कशापायी काढताय?"

"देव तुमचा आसंल म्हादबा. पाय माजंच हायेत न्हवं?"

म्हादबा हसला. कोयता खाली ठेवला. पर फुली काढून व्हईस्तवर त्यो जाग्यावरनं हलला न्हाई.

का हलला न्हाई, त्ये मला ठावं व्हतं. ही गोष्ट आमच्यात सांगत न्हाईत, पर आता सांगनारी मीच उरले.

मी नवी नवरी व्हते त्या साली गुरांत बुळकांड्या शिरला. दावणीच्या दावणी मोकळ्या झाल्या. तवा म्हादबाच्या बापानं आन तिघा बाप्यांनी म्हसोबाला ओढ्याकाठच्या उंबराखालनं उचलला, बांबूला बांधून खांद्याव घेतला आन वर खिंडीत नेऊन बसवला. रोग खिंडीतनं आत यायच्या आदी देवाला दिसावा म्हनून. आमची रीतच ती. आन रीतीतली दुसरी गोष्ट ही, की देव हलवला आसं तोंडातनं काढायचं न्हाई. काढलं की देव माघारी फिरतो, आन त्येच्या मागं मागं रोग. देव हितं हाय, पयल्यापास्नं हितंच हाय, येवढंच म्हनायचं. म्हनत म्हनत आमाला बी त्ये खरं वाटाय लागलं व्हतं.

म्हंजी इंग्रजाच्या नकाशात देव ओढ्याकाठी. आन फुली खिंडीत.

मंग एक दिवस इमान आलं. लई उंच, सुईयेवढं. गावानं काम सोडून वर पाह्यलं. मालक दारात बसलं व्हतं, त्येंनी डोक्याव उपरनं घेतलं. सासूनं लेकीला पदराखाली झाकली. गुरं सुदीक रवंथ करायची थांबल्याली.

फोटू यायला चार म्हयनं लागलं. भाऊंनी आमच्या वसरीत फळी टाकून त्यो पसरला. आमचं गाव मला वळखूच येईना. ओढा म्हंजी केस पडल्यावानी. खालवाडी म्हंजी नुसता काळा ढीग, आंब्याफणसांच्या खाली घरं दिसतच न्हवती. पानी कुटपतोर येनार त्येची लाल रेघ वरच्या हापिसातनं मारून आल्याली, ती त्या काळ्या ढिगाच्या वरनं गेल्याली. भाऊंनी नकाशा पातळ कागदाव उतरून घेतला व्हता, तूप लावल्यावानी आरपार दिसनारा. त्यो फोटूवर ठेवला. कालरीतली पयली टाचणी काढली, शिवंच्या दगडाव मारली. दुसरी विहिरीव. दोनी झ्याक बसल्या. तिसरी म्हसोबाव मारायला गेलं तर नकाशातला देव फुलीपतोर पोचंना. वढला तवा पोचला. आन कागदाला सुरकुती पडली, नेमकी आमच्या वाडीपाशी.

टाचणी काढली. परत मारली. परत सुरकुती.

"अक्का, गोधडीला ठिगळ कसं लावता?"

"आदी टोकं टाचायची, मंग टाका घालायचा."

"टोक चुकीच्या जाग्याव टाचलं तर?"

"मधी फुगारा येतो."

"मंग काय करता?"

"उसवायचं."

त्येंनी वाकून सुरकुतीव बोट फिरवलं. लवंग एका गालातनं दुसऱ्या गालात नेली. म्हनलं, "जुनं कापड आखडतं. त्येची सुरकुती आट-धा पावलांची. ही दोनशेची हाय." मंग माज्याकडं वळलं आन नीट तोंडाकडं बगत इचारलं, "अक्का, खरं सांगा. तुमचा म्हसोबा पयल्यापास्नं खिंडीतच हाय न्हवं?"

दारात म्हादबा उभा व्हता. सासू जात्यापाशी हात धरून थांबल्याली. लेक फळीला धरून उभं ऱ्हायला बगत व्हती. माज्या डोळ्याम्होरं बुळकांड्यानं फुगल्याली गुरं आली. आन दुसरं बी मनात आलं, खोटं कशाला बोलू. देव खिंडीत धरला की कागद वर वढला जातुया, आमची वाडी बी त्येच्या मागं टेकडी चढती, आन लाल रेघ खाली ऱ्हाती, येवढं त्या फळीपाशी उभं ऱ्हाऊन मला कळलं व्हतं.

"व्हय," मी म्हनले. "हितंच हाय."

त्येंनी मान हालवली. टाचणी मारली.

बाजारच्या दिशी जीपमधनं साहेब आलं. चावडीम्होरं यादी वाचली. वरवाडीचं खालच्या अंगाचं चार नंबर गेलं, दोन घरं गेली, त्येंना दुसरीकडं जमीन लिवून दिली. खालवाडीचा एक बी नंबर न्हाई. बाया रडल्या, बाप्यांनी म्हसोबाला नारळ फोडलं. म्हादबा छाती काढून फिरत व्हता. "देवानं कुशीत घेतली वाडी."

भाऊ साहेबांना एका अंगाला घेऊन सांगत व्हतं. मी पान्याचा तांब्या घेऊन उभी, म्हनून आयकलं.

"साहेब, फोटूत रेघ झाडीच्या वर आहे. आणि नकाशात वाडी रेघेच्या वर. दोन्ही खरं कसं होईल?"

साहेब म्हनलं, "नोटीस नंबरावर निघते, झाडीवर नाही. तीन ठिकाणं धरलीत ना? तिन्ही नकाशात आहेत ना? मग झालं तुमचं काम."

"सुरकुती पडतेय साहेब."

"इस्त्री करा," साहेब म्हनलं, आन जीपमधी बसलं.

घरी आल्याव सासूनं येवढंच इचारलं, "यादीत न्हाई म्हंजी पानी येनार न्हाई का?"

"आसं म्हनत्यात."

"पानी नंबर वाचत न्हाई गं बाई," ती म्हनली.

त्या आइतवारी भाऊ एकटंच आलं. सुट्टीचा दीस, कुनी बोलावल्यालं न्हाई. मला दिसत व्हतं आमच्या खाचरातनं. शिवंच्या दगडापास्नं साखळी टाकत आलं, विहिरीपास्नं आलं, ओढ्याकाठी एका जाग्याव थांबलं. उंबर कवाच वटल्याला, त्येचा बुंधा बी कुजल्याला. वाहणा काढल्या आन बसून मातीत खुरपं घातलं. किती येळ खनत व्हतं. मी खाचर सोडून घरी आले आन उगा भांडी घासाय लागले.

त्ये दारात आलं तवा हातात रुमाल व्हता. उगडला. मदी शेंदराचं कवच, खोबऱ्याच्या वाटीवानी, जुनं, तेलकट. वर्सांनुवर्सांच्या शेंदराची खोळ, देव उचलताना गळून पडल्याली.

"माती लाल निगाली अक्का."

मी राखंचा हात तसाच धरून उभी. मंग सांगितलं समदं. बुळकांड्या, बांबू, चार बाप्ये. तोंडातनं निगालं तवा वाटलं आता खिंडीतनं कायतरी उतरून येनार. काय आलं न्हाई. गोठ्यात वासरू वरडलं तेवढं.

मला वाटलं शिव्या देतील. त्येंनी रुमालाची चार टोकं गाठ मारली. म्हनलं, "देव हलला तर हलला. त्येला बी कवा वाटत आसंल. नकाशाला सांगायचं ऱ्हायलं." मंग म्हनलं, "वाहणा काढून हात जोडलं, तवा नीट बगायचं ऱ्हाऊन गेलं. चूक माजी."

"चूक माजी हाय भाऊ. मी व्हय म्हनले."

"तुमाला मोजायचा पगार न्हाई," त्ये म्हनलं.

त्येंनी वर लिवून दिलं. कागद गेला त्यो गेला. आमच्याकडं दुसरा मोजणीदार आला, पोरगेलासा, त्येनं सांगितलं की कासमभाऊंना आता बाहेर पाठवत न्हाईत, पुन्यात नकाशाच्या खोलीत बसवलंय, जुनं कागद पुसायला. मी इचारलं, का? त्यो म्हनला, "लिहून दिलंय त्यांनी, तिसरी खूण मी चौकशी न करता धरली. चूक सर्वस्वी माझी. मग काय करणार?" माजं नाव त्यात न्हवतं. गावाचं बी न्हवतं.

बांध उभा ऱ्हायला तीन सालं गेली. खालवाडीनं त्या तीन सालांत नवी घरं सुदीक शाकारली. मी वरवाडीत चुलत जावंच्या गोठ्याला लागून चार मेढी पुरल्या. बाया इचारायच्या, "काय गं, सवत आनतीस का?" मी म्हनायची, शेरडांना. खरं कारन कुनाला सांगनार?

मिरगाच्या आदी भाऊ परत आलं. केस पांढरं झाल्यालं, चष्म्याची दुसरी काडी बी दोऱ्याची. खांद्याव चुन्याची बादली, आन हातात गवंडी धरत्यात तसली लांब आरपार नळी, पान्यानं भरल्याली. बांधाच्या भिंतीव पानी कुटपतोर चढनार त्येची खून व्हती, तितनं धरून आल्यालं, एकेक पल्ला.

"अक्का, टोक धरा."

मी टोक धरलं. नळीतलं पानी हाललं, डुचमळलं, थांबलं. थांबलं तितं त्येंनी आमच्या भितीव चुन्याची रेघ मारली. माज्या डोक्याच्या वर. दाराच्या कपाळपट्टीच्या बी वर.

मालक आतनं म्हनलं, "भाऊ, ह्ये काय?"

"पान्याचा निरोप," भाऊ म्हनलं.

मंग घर घर फिरलो. नळी धरायची, पानी थांबायची वाट बगायची, रेघ मारायची. समद्या खालवाडीला एका उंचीची पांढरी रेघ. ओढ्याकडच्या घरांना कौलाव, मदल्या आंब्याला गळ्याभवती. रेघेच्या खाली समदी वाडी, चुली, पाळनं, कनग्या. लोक गोळा झालं. म्हादबा म्हनला, "आमच्या देवाव भरवसा न्हाई तुमचा, म्हनून ह्ये चालल्यालं. माज्या भितीला हात लावू देनार न्हाई."

"नका लावू देऊ," भाऊ म्हनलं. "पर म्हादबा, देवाला खिंडीत नेला त्यो वर हाय, कोरडा ऱ्हाईल. तुमाला कुनी न्यायचं?"

म्हादबा एक पाऊल मागं सरला. त्येला कळलं की ह्येंना ठावं हाय. त्येनं माज्याकडं पाह्यलं. आसं पाह्यलं, की त्या नजरंला मी अजून पाठ देऊन झोपती.

त्येच्या घराला रेघ मारली न्हाई. बाकीच्यांनी पाऊस लागल्याव बोळं घेऊन रेघा पुसल्या. माजी मी ऱ्हाऊ दिली. आषाडात मालकांना पाठंगुळीला घेऊन वर गेले. सासू पायानं चालली. मागं वळून बगितलं न्हाई तिनं, सवय व्हती तिला.

पानी सरावनात आलं, दिवसाढवळ्या, आवाज न करता. सकाळी ओढा उलटा वाहतोय म्हनून पोरं बगाय गेली. दुपारी उंबऱ्याला लागलं. मानसं जे हाताला लागंल त्ये घेऊन टेकडीव चढली. म्हादबा बी चढला. मंग त्येला वासरू आठवलं. माघारी गेला. भिजल्याली मातीची भीत, ती त्येच्या अंगाव बसली. लोकांनी दोरखंड टाकलं, पर धरायला कुनी न्हवतं.

दुसऱ्या दिशी वर हापिसात गेलो आमी. त्येंनी यादी काढली. खालवाडीचा नंबर पान्यात न्हाई म्हनले. कमरंयेवढ्या पान्यातनं निगून आल्याली मानसं आमी, कागदाव कोरडी. दुसरी जमीन न्हाई, काय न्हाई. अजून बी न्हाई.

भादव्यात तलाव भरून थांबला, तवा भाऊंना मी शेवटचं पाह्यलं. पाऊस न्हवता. पल्याडच्या रस्त्याव एस्टीतनं उतरलं, पान्याच्या काठाकाठानं चालत आलं. काठाव आमी बाया बसल्यालो, वर आल्यालं सामान वाळवत. मदल्या आंब्याकडं बगत उभं ऱ्हायलं. आंब्याच्या गळ्याभवती मारल्याली रेघ कुनी पुसली न्हवती, उंच व्हती म्हनून. पानी बरोब्बर तिला टेकल्यालं. ना बोटभर वर, ना बोटभर खाली.

मला वाटलं आता म्हनतील, बरोबर आलं. त्येंनी वाहणा काढल्या. म्हादबाचं घर कुटं व्हतं तिकडं तोंड करून उभं ऱ्हायलं, व्हट हलत व्हतं. मोजत व्हतं का दुसरं काय म्हनत व्हतं, कळलं न्हाई. मंग सवयीनं हात कालरीकडं गेला. एक, दोन. तिथंच बोट थांबलं. तिसरी टाचणी न्हवती.

मी जवळ गेले. म्हनले, "भाऊ, त्या दिशी मी..."

"अक्का, नव्या घराचा उंबरा कुटं घालताय?"

"वर. जावंच्या गोठ्यापाशी."

"देवाला इचारून घालू नका. मला बी इचारून नको." वाहणा घातल्या. "पान्याला इचारून घाला."

आन निगालं, आल्या वाटंनं. मान खाली, व्हट हलत्यात, पाऊल टाकत्यात. मी तिथंच काठाव उभी ऱ्हाऊन त्येंची पावलं मोजाय लागले. शंभर झाली. वाकून एक खडा उचलला, खाली टाकला, आन परत एकपास्नं धरलं.